दार रिकामं राहील

माझं आणि यांचं शेवटचं मोठं भांडण एका मेलेल्या इंग्रज बाईवरून झालं. ती बाई शेवटी दारात दिसावी की दिसू नये, एवढाच मुद्दा होता. मी म्हणत होते दिसावी, हे म्हणत होते मुळीच नको. गॅसवर वांग्याची भाजी करपली तरी दोघांपैकी कुणी उठलं नाही. शेवटी हे म्हणाले, "तू वर्गात शिकव, नाटक मी बसवतो. दार रिकामं राहील." आणि हात धुवायला निघून गेले. वाद ऐन रंगात आला की हात धुवायला जायचं ही त्यांची जुनी खोड होती. मी ठरवलं, दिवाळीच्या सुट्टीत याला पुन्हा गाठायचं. दिवाळी यायच्या आधीच एका दुपारी त्यांच्या छातीत कळ आली आणि गाडी अकोल्याला पोचायच्या आत ते गेले.

ती गोष्ट काय होती ते सांगते, म्हणजे पुढचं समजेल. व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्रजांनी अशा गोष्टी ढिगानं लिहिल्या. ओसाड माळावरच्या घरात एक म्हातारा डॉक्टर एकटा राहतो. बायको नुकतीच वारलेली. रोज दिवेलागणीला दारावर टकटक होते. तो उघडत नाही, कारण ती टकटक बायकोच्या हाताची आहे आणि बायकोला तर त्यानं स्वतः मूठमाती दिलेली आहे. शेवटी एका संध्याकाळी त्याला राहवत नाही. तो दार उघडतो. सकाळी दूधवाला येतो तर दार सताड उघडं आणि डॉक्टर खुर्चीत गार झालेला. दारात त्यानं काय पाहिलं, हे लेखकानं सांगितलेलंच नाही. आमचं भांडण नेमकं तिथं होतं.

मी वाशिमला ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवायची आणि हे बँकेत होते. बँक पोटासाठी आणि नाटक जिवासाठी, असं ते चारचौघांत सांगत, मॅनेजर समोर असला तरी. अनसिंगच्या रस्त्याला भाजीपाला पिकवणाऱ्यांची एक वस्ती आहे. सोयाबीन घरात आलं आणि दिवाळी पार पडली की तिथं दरवर्षी एक नाटक होतं, आणि ते हे बसवत. लाइट गेलेली असताना मी ही गोष्ट त्यांना मराठीतून सांगितली होती. तेव्हापासून ती त्यांच्या डोक्यात बसली. "यात एकच दार लागतं," असं त्यांनी मला कितीदा ऐकवलं असेल.

ते गेले त्या वर्षी वस्तीत नाटक झालं नाही. पुढच्या वर्षी दसऱ्यानंतर वस्तीतला त्यांचा लाडका नट आमच्या जाळीच्या दरवाज्यासमोर येऊन उभा राहिला. पन्नाशीचा माणूस, मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, पिकवतो आणि बाजारात बसून विकतो, त्यामुळे आवाज असा की माइकची गरज नाही. हातातली पिशवी त्यानं आधी जाळीला अडकवली, मग बोलला.

"बाई, औंदा नाटक बसवाचं म्हनतो."

"मग बसवा की."

"तुमी बसवा. सरायनं ते भुताचं ठरवलं व्हतं. मले मास्तरचं काम देतो म्हनले व्हते."

डॉक्टरचा मास्तर यांनीच केला होता, हे मला तेव्हा कळलं. माझ्याशी भांडत होते तेव्हा तिकडे भूमिकाही वाटून झाल्या होत्या! मला इतका राग आला की बरं वाटलं. कितीतरी महिन्यांनी मी यांच्यावर चिडले होते.

मी हो म्हटलं, त्याचं खरं कारण संध्याकाळ. दिवसाचं मला काही वाटत नाही. भांडी, कॉलेज, पेपर, बँकेतली कामं, भाजी, एखादा फोन यांत दिवस निघून जातो. पण ऊन उतरलं की घर खायला उठतं. कॉलनीतले लोक वाईट नाहीत. सुरुवातीला सगळे आले, डबे आणले, बसले. मग ज्याला त्याला आपापलं घर असतं. मी टीव्ही लावायची, मोठा करायची, बंद करायची. एकदा तर चुकीचा नंबर लागून आलेल्या माणसाशी मी कोळपणीबद्दल बराच वेळ बोलत बसले. ही लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे, पण झाली ती झाली.

दुसरं एक कारण होतं. संसारात यांना मी एकही वाद सुखासुखी जिंकू दिला नव्हता. हा एक त्यांना देऊन टाकायचा असं मी ठरवलं. नाटक त्यांच्या मनासारखं होईल. शेवटी दार उघडेल आणि दारात कुणीही नसेल. त्यांच्यासाठी करण्यासारखं आता तेवढंच उरलं होतं.

इंग्रजी भूत वाशिम जिल्ह्यात आणून बसवणं किती जिकिरीचं असतं, हे मला ठाऊक नव्हतं. मूळ गोष्टीत पानोपानी धुकं आहे. वस्तीतल्या शाळेच्या व्हरांड्यात पहिलं वाचन झालं, तेव्हा मी आवाज खोल नेऊन वाचलं, "बाहेर दाट धुवारी पडली होती." लगेच एकानं विचारलं, "तुरीवर?" तूर फुलावर असताना धुवारी आली की फूल गळतं, त्यामुळे सगळ्यांचे चेहरे खरोखरच काळजीत पडले. पण ही भीती मला नको होती. धुवारी मी काढून टाकली. घरात पेटवलेला जाळ होता, त्याची शेगडी झाली. दारूची बाटली होती, तिचा चहा झाला. कुत्रा ठेवला, कारण कुत्र्याचं काम करायला वस्तीतले बरेच जण उत्सुक होते.

पण खरी अडचण पुढंच होती. वाचनाला बायकाही येऊन बसत. त्यांत नटाची आई सगळ्यांत पुढं. सत्तरी ओलांडलेली, कानानं तिखट, एका जागी बसून लसूण सोलता सोलता सगळं ऐकणारी. तिनं मला मध्येच थांबवलं.

"हा मास्तर एकटा काहून राह्यते?"

"बायको वारली ना."

"ते समजलं. पन एकटा काहून? भाऊ नाई? पुतने नाई?"

"नाहीत."

"सारेच मेले?"

मी म्हटलं, गोष्टीत तसं आहे. तिचं समाधान झालं नाही. मयत झालं की त्या घरी चूल पेटत नाही, भाऊबंद जेवण आणतात, त्याला कडू घास म्हणतात. तिनं विचारलं, "मंग कडू घास कोनं आनला याच्या घरी?" मी म्हटलं, घर गावाबाहेर आहे. "मंग गावानं जावं ना थोडंसं चालत! पाय मोडले व्हते का गावाचे?" बाकीच्या बायकाही बोलायला लागल्या. भुताचं कुणालाच काही नव्हतं. एका माणसाला गावानं असं टाकून दिलं, यावर सगळ्या संतापल्या होत्या.

त्यानंतर दाराचा मुद्दा निघाला. दिवेलागणीला हा मास्तर दार लावून बसतोच कसा? लक्ष्मी यायच्या वेळेला? "असं कोनी करते का व बाई? तुमी लावता का दार?"

"मच्छर येतात," मी म्हणाले.

कुणी हसलं नाही. म्हातारीनं लसणाची टोपली बाजूला सरकवली आणि "वाचा पुढं," म्हणाली. मी वाचलं, पण आवाज काही पहिल्यासारखा लागेना.

तालमी सुरू झाल्या, तेव्हा आणखी एक घोळ निघाला. टकटक झाली की मास्तरनं दचकायचं, खुर्चीचे हात घट्ट धरायचे आणि दाराकडे बघत गप्प राहायचं. आमचा नट दचकायचा उत्तम. खुर्चीही धरायचा. पण लगेच त्या बाजारच्या आवाजात म्हणायचा, "या! उघडंच हाये!"

मी कपाळाला हात लावायची. "अहो, भूत आलंय दारात. तुम्ही घाबरलात."

"घाबरलोच बाई. पन दार वाजलं का तोंडातून निंगूनच जाते."

जन्मात त्यानं दारात आलेल्या माणसाला गप्प राहून परत पाठवलं नव्हतं, तर ते त्याला येणार कुठून? मी सगळे उपाय केले. तोंडात पाण्याचा घोट धरायला लावला, तर तो गिळून म्हणाला, "या." सुपारी दिली, तर गालात सरकवून म्हणाला, "या." शेवटी मला सुचलं. म्हटलं, "दारात विम्याची पॉलिसी विकणारा आलाय असं समजा." टकटक झाली आणि मास्तर असा चिडीचूप बसला, श्वाससुद्धा रोखून, की बघणारेही गप्प झाले. तेव्हापासून तो दृश्य छान करायला लागला. मी घरी येऊन एकटीच हसले. हे सांगायला कुणीतरी हवं होतं.

टकटक मात्र कुणाला जमेना. पोरं घाई करायची, कडी धरून खडखडवायची. वस्तीत दार वाजवायची पद्धतच नाही. माणूस अंगणातूनच हाक देत येतो. म्हणून ते काम मी स्वतःकडे घेतलं. गावात एकाचं नवं घर बांधायचं चाललं होतं, त्याचं दार चौकटीसकट आम्ही मागून आणलं होतं. मी त्यामागं उभी राहायची आणि बोटाच्या पेरांनी हळू वाजवायची. दाराच्या या बाजूला माझ्याखेरीज कुणी नसायचं. मागं शाळेची भिंत, कडुनिंब आणि अंधार. पलीकडे दिवा, माणसं, मध्येच हशा, कुणाचा तरी खोकला. दार उघडायच्या आत मी पटकन बाजूला सरायची, म्हणजे चौकट रिकामी दिसावी. चांगलं सरायला जमलं की मला समाधान वाटायचं. एकदा मात्र तिथं उभी असताना मनात आलं की आपण घरीही दुसरं काय करतो.

शेवटच्या दृश्यावरून वस्ती माझ्यावर नाराज होती. दारात कुणीतरी पाहिजे, असं सगळ्यांचं मत. एक सून भुताचं काम करायला तयारही होती. मी म्हटलं, पांढरी साडी कुठून आणणार? त्यावर सगळ्या बायका एकदम माझ्यावर धावून आल्या.

"पांढरी कायले? सवाशीन मेली ना ते! हिरवं लुगडं, भरला मळवट, हातभर चुडा."

"मग घाबरायचं कशाला तिला?"

"तेच तं इचारून राह्यलो आमी," म्हातारी म्हणाली. "घरची लक्ष्मी दारात आली अन् मास्तर मरून कायले जाते?"

मी यांचे शब्द जसेच्या तसे वापरले. म्हटलं, दिसलेल्या भुताला माणूस सरावतो. रिकाम्या दाराला कुणी सरावत नाही. जे आलंच नाही, त्याचीच खरी भीती. हे म्हणायचे तेव्हा मला हे सगळं फसवं वाटायचं, एका नटीचा खर्च वाचवायची युक्ती वाटायची. आता तेच मी तावातावानं पटवून देत होते. आणि बोलता बोलता माझं मलाच पटलं. रिकाम्या दाराबद्दल त्या सगळ्यांपेक्षा मला जास्त कळत होतं. दार रिकामं ठेवायचं ठरलं.

नाटकाच्या दिवशी थंडी चांगली पडली होती. रात्री ओलितासाठी विजेची लाइन येते, मग माणसं पंप चालू करायला शेतात जातात, म्हणून नाटक दिवेलागणीलाच सुरू करायचं होतं. शाळेपुढच्या ओट्यावर आमचं दार उभं केलं. बायका, माणसं, स्वेटर घातलेली लेकरं, सगळी ताडपत्रीवर बसली. नटाची आई पहिल्या रांगेत, गुडघ्यांवर चादर घेऊन. सुरुवातीला कुत्र्यानं धमाल केली, त्याला टाळ्या पडल्या. पण पहिली टकटक झाली आणि सगळं बदललं. मास्तर विमेवाल्याची आठवण काढून असा काही गप्प बसला की ताडपत्रीवरची कुजबुज थांबली. फटीतून मला लोकांचे चेहरे दिसत होते. नाटक पकडत होतं. मला वाटलं, हे असते तर माझ्याकडे बघून भुवई उडवली असती, बघ म्हणून.

शेवटचं दृश्य आलं. मी वाजवलं. मास्तर उठला. मी पुन्हा वाजवलं. त्याचे पाय ओट्यावर घसटत येताना ऐकू आले. कडी निघाली. मी बाजूला सरले, अगदी ठरल्यासारखी. दार उघडलं. चौकटीतून दिव्याचा उजेड मागच्या मातीवर पडला आणि त्या उजेडात काहीच नव्हतं. मास्तर बघत राहिला. आता त्यानं मागं मागं जात खुर्चीत कोसळायचं आणि पडदा पडायचा. यांनी सांगितलं होतं तसंच सगळं झालं होतं.

आणि पहिल्या रांगेतून म्हातारीचा आवाज आला.

"ये ना व माय. बाहीर काहून उभी हायेस? थंडी हाये. ये आत."

मला वाटलं, आता लोक हसतील. हसलं कुणी नाही. मागून दुसरी बाई म्हणाली, "ये व." मग तिसरी. त्या मास्तरच्या मेलेल्या बायकोला बोलावत होत्या, हे मला पक्कं ठाऊक होतं. हिरव्या लुगड्यातली, मळवट भरलेली ती कुणीतरी त्यांना अंधारात दिसत असणार. पण अंधारात उभी होते मी. मला ये म्हणून कुणी हाक मारली नव्हती कितीतरी दिवसांत. लोक यायचे, बसायचे, चौकशी करायचे, काही लागलं तर सांगा म्हणायचे. ये आत, असं कोणी म्हटलं नव्हतं. माझे डोळे भरून आले, आणि काय करतेय हे कळायच्या आत मी उजेडात पाऊल टाकलं आणि चौकटीत जाऊन उभी राहिले. साधी सुती साडी, खांद्यावर शाल, डोळ्यांवर चष्मा.

मास्तर आधी दचकला, खराखुरा. मग त्याचं तोंड आपोआप उघडलं. "या बाई," तो म्हणाला, "बसा."

त्यानं मरायची खुर्ची उचलून पुढं केली. मी बसले. तो आत बघून ओरडला, "पानी आना रे!" कुत्र्याचं काम करणारा चार पायांवर होता, तो दोन पायांवर उठला आणि तांब्या घेऊन आला. मी पाणी प्याले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. पडदा ओढणाऱ्याला काही सुचेना, म्हणून तो तसाच राहिला. मास्तर मेलाच नाही.

नंतर बायकांनी मला जेवायला बसवलं. भुताचं नाटक कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. शेवट लई चांगला बसवला म्हणून सगळे मला सांगत होते. नटाच्या आईनं ताटात भाकरी वाढली आणि विचारलं, "आता कसं बरं वाटलं ना?" बरं वाटलं होतं, ते मी नाकारत नाही.

मोटारसायकलवरून एकानं मला वाशिमला आणून सोडलं. रस्ताभर मी मनात बाजू मांडत होते. म्हटलं, अहो, नाटक लोकांसाठी असतं. लोकांनी बोलावलं तर काय करायचं? तुम्ही तिथं असतात तर तुम्हीही काही करू शकला नसता. आणि तुम्हीच म्हणायचे ना, प्रेक्षक चुकत नाही म्हणून? मुद्दे एकाहून एक सरस सुचत होते. हे चिडतील, आवाज चढवतील, शेवटी हात धुवायला जातील, तर या वेळी मोरीच्या दारात आडवं उभं राहायचं हेही ठरलं. कुलूप काढताना माझं पहिलं वाक्य तयार होतं. दार ढकललं, दिवा लावला, आणि मी ते वाक्य मोठ्यानं म्हटलं.

घर गप्प होतं. मी पुढचे मुद्देही सांगितले, एकेक करून, सगळे. कुणी आवाज चढवला नाही, कुणी उठून गेलं नाही. एकच वाद त्यांना द्यायचा होता, तोही मीच जिंकून आले होते.